तळ्यातलं देऊळ पाण्यात जाऊ नये म्हणून: लहान-मोठ्या प्रमाणांचे नकाशे जुळते कसे ठेवायचे

सोलापुरात पाहुणा आला की आपण त्याला आधी सिद्धेश्वराला नेतो. तळ्याच्या मधोमध देऊळ, भोवती पाणी, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी. नकाशात हे दाखवायचं तर तळ्याचा पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती, काढायचा, त्यात बेटाएवढं भोक ठेवायचं आणि त्या भोकात देवळाचा बिंदू टाकायचा. काही वर्षांपूर्वी मी शहराचा एक नकाशा छापून घेतला आणि प्रत हातात आल्यावर पाहिलं, तर बेट गायब आणि देवळाचा बिंदू पाण्यात. जिल्ह्याच्या नकाशासाठी मी 'सव्वासहा हेक्टरपेक्षा लहान तुकडे आणि भोकं काढून टाक' अशी मर्यादा लावली होती. तीच मर्यादा शहराच्या नकाशाला लागून गेली. संगणकाने सांगितलेलं काम बरोबर केलं होतं. बेटात देऊळ आहे, हे त्याला कुठेच सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. प्रमाण बदललं की आकार बदलणारच, पण नातं बदलता कामा नये. देऊळ बेटावर, बेट तळ्यात, गाव नदीच्या अलीकडे, रस्ता चौकाला जोडलेला, तालुका तालुक्याला लागून. ही नाती शहराच्या नकाशात जी आहेत तीच जिल्ह्याच्या नकाशात दिसली पाहिजेत. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर उघडता येतं, लेअर (माहितीचे थर) जोडता येतात, पण एकाच भागाचे दोन-तीन प्रमाणांचे नकाशे करायची वेळ पहिल्यांदाच आली आहे, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरणं सगळी सोलापूर जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण ती मी हाताळली आहेत.

पायरी १: प्रमाणं ठरवा आणि मिलिमीटरचा हिशेब करा

आधी एक गोंधळ मिटवू. 'मोठं प्रमाण' म्हणजे मोठा प्रदेश नव्हे. १:५,००० हे मोठं प्रमाण, कारण त्यात घरं, गल्ल्या मोठ्या दिसतात. १:२,५०,००० हे लहान प्रमाण. भागाकार करून बघितलं की कळतं, पण बोलताना भलेभले इथे अडखळतात.

सोलापूरसाठी मी तीन प्रमाणं धरतो. शहर आणि गाव १:५,०००, तालुका १:५०,०००, जिल्हा १:२,५०,०००. शेवटची दोन भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटची, म्हणजे तुकड्यातुकड्याने छापलेल्या भूरूप नकाशांची, ओळखीची प्रमाणं आहेत, त्यामुळे ताडून बघायला आधार मिळतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे नकाशे झाले ते १:५०० चे. तसा तपशील हाती असेल तर त्याखाली आणखी एक पायरी येईल.

आता हिशेब. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पहिल्या प्रमाणात ५ मीटर, दुसऱ्यात ५० आणि तिसऱ्यात २५०. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वळण डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून रेषा सोपी करायची मर्यादा, म्हणजे टॉलरन्स, मी अनुक्रमे अडीच, २५ आणि १२५ मीटर धरतो. एक चौरस मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिगॉन वाचकाला कळत नाही. १:५०,००० ला ते क्षेत्र पाव हेक्टर होतं आणि १:२,५०,००० ला सव्वासहा हेक्टर. माझा घोळ याच आकड्याने केला होता. हे आकडे कागदावर लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. पुढच्या सगळ्या कामात तेच लागतात.

पायरी २: सगळं एकाच निर्देशांक पद्धतीत आणा

सोलापूर जिल्हा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांच्या पट्ट्यात, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर या झोनमध्ये पूर्ण बसतो. सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत निवडायचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. सगळे लेअर आधी यात बदलून घ्या.

हे टाळलं तर काय होतं? मोबाइलवरून किंवा इंटरनेटवरून आलेली माहिती बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशांत असते, म्हणजे एकक अंश असतं. अशा लेअरवर कुणी सरळपणे २५ टाकतं. त्याच्या मनात २५ मीटर, संगणकाच्या लेखी २५ अंश. आपल्या अक्षांशावर एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ११० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम १०६. सगळा जिल्हा एका फटक्यात त्रिकोण होतो किंवा नाहीसा होतो. नाहीसा झालेला बरा, निदान चूक लगेच दिसते. पण कुणी 'छोटा आकडा टाकू' म्हणून ०.००१ टाकतं, ते होतात ११० मीटर आणि तालुक्याचा नकाशा गुपचूप बिघडतो.

टोपोशीटवरून काम करत असाल तर आणखी एक ठिकाण तपासा. सोलापूर शहर ४७ ओ/१४ या शीटवर येतं. ४७ ची मालिका ७६ अंश पूर्वेला संपते आणि तिथून ५६ ची सुरू होते. अक्कलकोट त्या पलीकडे, ५६ सी मध्ये. म्हणजे सोलापूर-अक्कलकोट रस्ता वाटेत एक शीट सोडून दुसऱ्या शीटवर जातो. दोन्हीकडून रेषा काढल्या की ७६ अंशावर त्यांची टोकं दहा-वीस मीटरनी हुकलेली सापडतात. डोळ्याला रस्ता सलग दिसतो, पण संगणकाला तो तुटलेला वाटतो. स्नॅपिंग, म्हणजे जवळची टोकं एकमेकांना चिकटवायची सोय, चालू करून ही टोकं एकाच बिंदूवर आणा. हे आत्ताच करा, कारण सोपं केल्यावर ही फट आपोआप मिटत नाही.

पायरी ३: मूळ लेअर एकच, आणि प्रत्येक गोष्टीला क्रमांक

माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे आणि नवीन माणूस नेमकी हीच टाळतो. तीन प्रमाणांसाठी तीन वेगळे नकाशे काढू नका. सर्वांत तपशीलवार असा एकच मूळ लेअर ठेवा आणि बाकीचे त्यातून तयार करा. तीन वेगळे काढले तर पहिल्या दिवशी ते जुळतात. सहा महिन्यांनी एखादा बायपास होतो, तो एकात भरला जातो, दुसऱ्यात राहून जातो, आणि मग खरं कुठलं यावर वाद घालत बसावं लागतं.

प्रत्येक गोष्टीला नाव नको, क्रमांक द्या. नावं बदलतात. शेजारचं उस्मानाबाद आता धाराशिव आहे, अहमदनगर अहिल्यानगर आहे. हायवेचंही तसंच. पुणे-सोलापूर-हैदराबाद पूर्वी ९ होता, आता ६५ आहे. विजापूरकडचा जुना १३ आणि धाराशिवकडचा जुना २११ मिळून आता ५२ झाला. एका लेअरमध्ये जुना क्रमांक आणि दुसऱ्यात नवा असेल तर संगणकाला ते दोन वेगळे रस्ते वाटतात. गावांसाठी, तालुक्यांसाठी जनगणनेचे किंवा शासनाच्या स्थानिक संस्था निर्देशिकेचे कोड वापरा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आणि सोलापूर जिल्ह्याचा ५२६. नाव वेगळ्या रकान्यात, जुनं नाव आणखी वेगळ्या रकान्यात. 'अ‍ॅट्रिब्यूट' म्हणून, म्हणजे नाव, लोकसंख्या अशी जोडमाहिती म्हणून, जे काही आहे ते मूळ लेअरलाच चिकटलेलं असू द्या आणि बाकीचे लेअर कोडवरून ते उचलतील असं करा.

रस्त्यांचं जरा वेगळं आहे. मूळ लेअरमध्ये चौपदरी हायवे म्हणजे दोन समांतर रेषा आणि प्रत्येक चौकाला तुटलेले बारा-पंधरा तुकडे. तालुक्याच्या नकाशात त्याची एकच रेषा होते. त्यामुळे 'हे पंधरा तुकडे मिळून वरचा हा एक' असं सांगणारा छोटा तक्ता लागतो. दोनच रकाने पुरतात, खालचा क्रमांक आणि वरचा क्रमांक. हा तक्ता असेल तर एखादा तुकडा दुरुस्त झाल्यावर वरची कुठली रेषा पुन्हा तयार करायची ते लगेच कळतं.

तारीखही लिहा. उजनीमुळे हे मला चांगलं कळलं. धरण प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्यात आहे की त्याच्याही खाली गेलं आहे, यावर जिल्ह्यात रोज बोलणं होतं, आणि त्याप्रमाणे जलाशयाचा काठ किलोमीटरभर सरकतो. तालुक्याच्या नकाशात पावसाळ्यानंतरचं भरलेलं पाणी आणि जिल्ह्याच्या नकाशात मे महिन्याच्या उपग्रह चित्रावरून काढलेलं पाणी घेतलं, तर दोन्ही आपापल्या जागी खरे असूनही एकमेकांशी जुळणार नाहीत. मी पूर्ण संचय पातळीचा, म्हणजे ४९६.८३ मीटरचा काठ सगळीकडे घेतो. तुम्ही दुसरी पातळी घ्या, पण तिन्ही नकाशांना एकच.

पायरी ४: वगळणं, सोपं करणं, आणि दोघांचा सामाईक काठ

आधी वगळा, मग सोपं करा. उलट केलंत तर जे पुढे काढूनच टाकायचं त्यावर वेळ जातो.

किती ठेवायचं याला एक जुना अंदाज आहे. टॉप्फर आणि पिलेवायझर यांनी १९६६ मध्ये मांडलेला वर्गमुळाचा नियम. मूळ प्रमाणाचा छेद भागिले नव्या प्रमाणाचा छेद, त्याचं वर्गमूळ. १:५०,००० वरून १:२,५०,००० ला जाताना ५०,००० भागिले २,५०,००० म्हणजे ०.२, वर्गमूळ ०.४५ च्या आसपास. तालुक्यांच्या नकाशांत शंभर गावांची नावं असतील तर जिल्ह्यात साधारण पंचेचाळीस.

कुठली पंचेचाळीस, हे मात्र नियम सांगत नाही. नुसत्या लोकसंख्येवर निवड केलीत तर हत्तरसंग-कुडल पहिल्या फेरीत गळेल. भीमा आणि सीना यांचा संगम तिथे आहे, आणि शके ९४० चा मराठी शिलालेख असलेलं संगमेश्वराचं देऊळही तिथेच. लहान गाव, पण नकाशावर पाहिजेच. म्हणून मी 'कधीही वगळू नये' असा एक रकाना ठेवतो. तालुक्याची ठिकाणं, संगम, तीर्थक्षेत्रं, रेल्वे जंक्शन यांना त्यात 'हो'. विरळ वस्तीच्या भागात एखादं छोटं गावही ठेवावं लागतं, नाहीतर मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या कोपऱ्यात मोठी पोकळी दिसते आणि तिथे कुणी राहतच नाही असं वाटतं.

आता सोपं करणं. दोन पद्धती सर्रास भेटतात. डग्लस-प्यूकर १९७३ ची. दोन टोकं जोडायची, त्या सरळ रेषेपासून सर्वांत लांबचा बिंदू शोधायचा, तो मर्यादेबाहेर असेल तर ठेवायचा, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच. विश्वलिंगम-व्हायट १९९३ ची. प्रत्येक बिंदू त्याच्या शेजारच्या दोघांबरोबर जो त्रिकोण करतो त्याचं क्षेत्रफळ बघायचं आणि सर्वांत लहान त्रिकोणाचा बिंदू आधी काढायचा. इमारती, रस्त्याचे काटकोन यांना पहिली बरी. नदीला मी दुसरीच वापरतो.

का, ते पंढरपुरात बघा. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिचं नाव चंद्रभागा. डग्लस-प्यूकरला १२५ मीटर दिले तर वळण टिकतं, पण कोनाकोनाचं होतं, विळ्याला कुणी ठोकून चपटं करावं तसं. मर्यादा हजार मीटरला नेली तर नदी जवळजवळ सरळ जाते आणि चंद्रभागा म्हणायला चंद्रच उरत नाही. विश्वलिंगम पद्धतीत बिंदू तेवढेच कमी करूनही कोर गोलसर राहते. चादरीवरचा मोर नॅपकिनवर घेताना विणकर नक्षीची घरं, म्हणजे चौकटी, कमी करतात पण मान वळलेलीच ठेवतात, तशातलं हे काम आहे.

आणि आता जिथे बहुतेक जण अडकतात ती जागा. तालुक्यांचे अकरा पॉलिगॉन निवडले, क्यूजीआयएसमधलं सिम्प्लिफाय चालवलं, आणि मोहोळ आणि माढ्याच्या मध्ये बारीक फटी, कुठे एकावर एक चढलेले पापुद्रे. हे टूल प्रत्येक पॉलिगॉन स्वतंत्र घेतं. माढ्याची सीमा एका बिंदूपासून मोजायला सुरुवात होते, मोहोळची दुसऱ्या बिंदूपासून, त्यामुळे सामाईक सीमेवर दोघांचे ठेवलेले बिंदू वेगळे निघतात. काठ एकच होता, त्याचे दोन झाले.

उपाय तीन आहेत. मॅपशेपर हे ब्राउझरमध्ये चालणारं फुकट साधन सामाईक सीमा ओळखून ती एकदाच सोपी करतं. माहिती तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. त्यात 'प्रिव्हेंट शेप रिमूव्हल'ची खूण करायला विसरू नका, म्हणजे लहान पॉलिगॉन पूर्ण नाहीसे होत नाहीत. क्यूजीआयएसमधूनच करायचं असेल तर त्याला जोडलेल्या ग्रास या सॉफ्टवेअरचं व्ही-जनरलाइझ वापरा. माहिती पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये असेल तर ३.४ आवृत्तीपासून 'एसटी कव्हरेज सिम्प्लिफाय' आहे. नवशिक्याने मॅपशेपरपासून सुरुवात करावी. सरकपट्टी हलवताना सीमा कशी बदलते ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि ते बघणं हाच अर्धा अभ्यास आहे.

सामाईक काठ फक्त तालुक्यांचा नसतो. जिल्ह्याच्या दक्षिणेला काही अंतर भीमा हीच महाराष्ट्र आणि कर्नाटकाची हद्द आहे. नदीचा लेअर वेगळा सोपा केला आणि हद्दीचा वेगळा, तर हद्द नदीला इकडून तिकडे ओलांडत जाते आणि नकाशावर पलीकडच्या काठाची शेतं आपल्यात येतात. जिथे नदी आणि हद्द एक आहेत तिथे दोघांना एकच रेषा द्या आणि ती एकदाच सोपी करा. पण जिथे नदीने पात्र बदललं आहे आणि भूमी अभिलेखात हद्द जुन्याच जागी आहे, तिथे दोन रेषा मुद्दाम वेगळ्या ठेवा. पाणी सरकलं म्हणून हद्द सरकत नाही.

पात्राची रेषा होते तेव्हाही नातं सांभाळायचं असतं. पंढरपुरात पुंडलिकाचं मंदिर नदीच्या पात्रात आहे. मोठ्या प्रमाणात नदी पॉलिगॉन असते आणि मंदिर तिच्या आत. जिल्ह्याच्या नकाशात नदी एक रेषा होते, तेव्हा 'आत' हे नातं राहूच शकत नाही. मग मंदिर वगळायचं किंवा रेषेवर ठेवायचं, यातलं एक आधी ठरवून लिहायचं. आपोआप जे होईल ते होऊ द्यायचं नाही.

एक प्रश्न नेहमी येतो. जिल्ह्याचा नकाशा तालुक्याच्या नकाशावरून करायचा की मूळ लेअरवरून? मी मिश्र करतो. आकार नेहमी मूळ लेअरवरून, कारण सोप्या केलेल्याला पुन्हा सोपं केलं की चूक चुकीवर चढते. निवड मात्र पायरीपायरीने. जे जिल्ह्यात आहे ते तालुक्यात असलंच पाहिजे, जे तालुक्यात आहे ते मूळ लेअरमध्ये. झूम करताना एखादं गाव दिसून मग नाहीसं झालं, असं कधी होऊ नये.

पायरी ५: तपासणी

डोळ्यांनी बघणं पुरत नाही. मी चार गोष्टी दर वेळी चालवतो.

मोजणी: तिन्ही प्रमाणांत तालुके अकराच आहेत का?

बेरीज: गावं आणि शहरांची लोकसंख्या मिळून तालुका, तालुके मिळून जिल्हा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ४३,१७,७५६. एकानेही फरक आला तर कुठेतरी गाव दोनदा मोजलं आहे किंवा सुटलं आहे. क्षेत्रफळाचं मात्र असं नाही. नोंदीत जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर आहे आणि तुमचा पॉलिगॉन थोडा वेगळा निघेल. तो आकडा जुळवायला सीमा ओढू नका. तीन प्रमाणांत एकाच तालुक्याचं क्षेत्रफळ एकमेकांपासून फार हलत नाही ना, एवढं बघा.

फटी आणि पापुद्रे: क्यूजीआयएसच्या टॉपॉलॉजी चेकरमध्ये 'फट नको' आणि 'एकावर एक नको' हे दोन नियम लावून चालवा.

आणि नाती: हे सर्वांत उपयोगी. प्रत्येक गावाच्या बिंदूला सोप्या केलेल्या तालुक्याच्या पॉलिगॉनशी स्पेशियल जॉइन करा, म्हणजे बिंदू कुठल्या पॉलिगॉनमध्ये पडतो त्यावरून जोडा, आणि मिळालेला तालुका कोड गावाच्या मूळ कोडशी ताडा. एकदा सीनेच्या काठचं एक गाव मला पलीकडच्या तालुक्यात गेलेलं सापडलं. काठ सरळ झाला होता आणि गावाचा बिंदू काठाच्या अगदी जवळ होता, शंभर मीटरही नाही. नकाशा बघून हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. पण त्याच माहितीवरून कुणी टँकरची यादी केली असती तर ते गाव चुकीच्या तालुक्यात गेलं असतं आणि पाणी उशिरा आलं असतं. अशा गावासाठी तेवढ्या तुकड्यात टॉलरन्स कमी करा. बिंदू ओढून आत आणू नका, गाव जिथे आहे तिथेच आहे.

सिद्धेश्वर तळ्यासारख्या ठिकाणांची एक छोटी यादीही करून ठेवा: 'हा बिंदू पाण्याच्या आत नको.' देवळाकडे जाणारी वाट जमीन म्हणून काढली आहे की पूल म्हणून, तेही तिथेच लिहा. वाट जमीन धरली तर बेट काठाला जोडलं जातं आणि भोक उरतच नाही. पूल धरला तर भोक राहतं. दोन्ही चालतं, पण तिन्ही प्रमाणांत एकच.

पायरी ६: दुरुस्ती आली की

नवा रस्ता, नवी हद्द, बदललेलं नाव, काहीही आलं तरी ते फक्त मूळ लेअरमध्ये भरायचं. जिल्ह्याच्या नकाशाला थेट हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. त्यासाठी सगळी कृती क्यूजीआयएसच्या मॉडेल डिझायनरमध्ये बांधून ठेवा. वगळणं, सोपं करणं, तपासणं, सगळं एका बटणावर. प्रत्येक प्रमाणाची मर्यादा त्या मॉडेलमध्ये वेगळी ठेवा. माझ्या बेटाचं जे झालं ते मर्यादा एकाच ठिकाणी लिहिल्यामुळे.

एक अपवाद आहे. सोलापूर ते मोहोळ हायवे आणि रेल्वे एकाच दिशेने जातात आणि काही ठिकाणी जवळ येतात. १:२,५०,००० ला दोन्ही चिन्हं एकावर एक बसतात आणि एक बाजूला सरकवावंच लागतं. ते हाताने करा, पण चिन्ह सरकवा, माहिती नको. क्यूजीआयएसमध्ये रेषेला ऑफसेट देता येतो. तेवढ्याने भागत नसेल तर सरकवलेली रेषा 'फक्त छपाईसाठी' अशा वेगळ्या लेअरमध्ये ठेवा, म्हणजे पुढे कुणी त्यावरून अंतर मोजणार नाही.

सरावासाठी

पहिल्याच दिवशी सगळा जिल्हा घेऊ नका. सिद्धेश्वर तळं, भुईकोट किल्ला आणि भोवतीचे रस्ते एवढाच तुकडा घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवरून तो मिळतो. ३२६४३ मध्ये बदला, प्रत्येक गोष्टीला क्रमांक द्या, तीन प्रमाणांत उतरवा. तिसऱ्यात तळं सव्वासहा हेक्टरच्या मर्यादेला टिकतं का ते मोजा. टिकलं पण बेट गेलं, तर देवळाच्या बिंदूचं काय करायचं ते लिहून ठरवा. मग संध्याकाळी पाय मोकळे करायला तळ्यावर जा, मोबाइलवर तिन्ही नकाशे आळीपाळीने उघडा आणि देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर उभं राहून तुमचा ठिपका पाण्यात दाखवतो की जमिनीवर, ते बघा.